फूस लावलेलं पाणी

पालवडची खाडी इंजिनाच्या होडीच्या दर फेरीला पन्नास हातांनी रुंद होते. बंदर कार्यालयाच्या दाराशी तसा फलकच लावलेला आहे, तेव्हा त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

विश्राम तांडेल वल्ह्यांवर होडी चालवत होते तोवर असलं काही नव्हतं. वल्हं मारलं की पाणी मागे जायचं आणि गुपचूप आपल्या जागी परत यायचं. इंजिनाचं तसं नाही. त्याच्या बुडाशी नळी असते. तिच्यातून थोडंसंच पाणी जोरात मागे सुटतं, पण त्याचा तोरा बघून आजूबाजूचं स्वस्थ पाणीही बरोबर धावत सुटतं, आणि होडी पुढे जाते ती ह्या पाण्याच्या बळावर. कार्यालय त्याला फूस लावलेलं पाणी म्हणतं. ते घरी परतत नाही. शरमेनं म्हणा, सवयीनं म्हणा, खाडीतच मधे राहतं, आणि काठांना सरकून जागा करून द्यावी लागते.

विश्रामनी लेक दर्शना पलीकडे खारसोंडला दिली ती अंतर बघूनच. अंगणातून हाक मारली की तिनं ओ द्यावी, इतकी अरुंद खाडी. पुढे दर्शनाला बाळंतपणात ताप आला आणि लवकर पोचता यावं म्हणून त्यांनी इंजिन बसवलं. दोन वर्षं रोज जाऊन येऊन ते तिला भेटले. आधी तिच्या दोरीवरची लुगडी दिसेनाशी झाली, मग घर, मग माडांचे शेंडे. विश्रामना वाटायचं, डोळे अधू झाले. फलक लागला तेव्हा त्यांना कळलं की लेकीला लांब नेलं ते आपल्याच फेऱ्यांनी. तेव्हापासून फेऱ्या बंद झाल्या, आणि ते जेवायला बसले की हात ताटातच राहायचा.

खाडीवर पूल होता. तो खाडीबरोबर रुंद झाला नाही. आता मधेच उभा असतो.

श्रावणात विश्रामची बायको शालन गेली. दर्शना फोनवर रडली, विश्राम फोनवर रडले. पण फोनवरचं रडणं काही खरं नव्हे. लेकीला जवळ घ्यावं, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, एवढंच त्यांना हवं होतं. ते कार्यालयात गेले.

कारकून खानविलकरांनी नोंदवही उघडली. "तांडेल, एक फेरी शिल्लक आहे. जायची. टाकीभर डिझेलात आजची रुंदी बरोब्बर बसते."

"चार डबे जादा घेतले तर?"

"जादा वजन, जादा फूस. उलट वल्ही, दोर, नांगर सगळं इथं ठेवून जा."

"आणि परत यायचं?"

"त्याचा अर्ज खारसोंडच्या कार्यालयात."

"परत कोणाकडं येऊ साहेब? घरात हाय कोण?" विश्राम म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सकाळी निघाले ते दुपारी खारसोंडचा धक्का दिसला. धक्क्यावर दर्शना उभी होती, कडेवर दोन वर्षांची पोर. विश्रामनी आधीच हात वर केला. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

धक्का पन्नास हात पुढे राहिला. खानविलकरांचं चुकलं नव्हतं. आजच्या फेरीचे पन्नास हात वहीत उद्याच्या रकान्यात होते.

विश्रामनी हातांनी पाणी ओढून पाहिलं. पण एकदा फूस लागलेलं पाणी साध्या हातालाही चळतं. हातभर पुढे सरकावं तर अंतर दोन हात वाढायचं. त्यांनी उडी मारली, पोहून पाहिलं, आणि धापा टाकत पुन्हा होडीला येऊन बिलगले. दर्शना पोरीला खाली ठेवून पाण्यात उतरली, दोन्ही हात पुढे करून कमरेपर्यंत आली. धक्का तिच्यासकट मागे गेला.

"बाबा, हात नका मारू!" ती ओरडली. "मी बी नाय करत हात पुढं!"

"बरं गो बाय!"

ती धक्क्यावर जाऊन बसली. विश्राम होडीत चढून बसले, हात मांडीखाली घेऊन. पाणी थांबलं. खारसोंडच्या कार्यालयाचा माणूस येऊन अंतर लिहून घेऊन गेला.

"आई शेवटाला काय म्हणाली?" दर्शनानं विचारलं.

"तुझं नाव घेतलं!"

दोघं रडली, आपापल्या जागी. मग विश्रामनी डोळ्यांनीच अंतर मोजलं. हाक मारली की ओ येत होती. लग्न ठरवताना त्यांनी नेमकं एवढंच पाहिलं होतं.