मोटार उघडायची ती दोघांच्या हजेरीत

आमच्या एरंडोलकडच्या शिवारातले नाना सख्ख्या भावाशी बोलतात ते मोटारीमार्फत. म्हणजे विहिरीवरच्या, पाणी उपसणाऱ्या मोटारीमार्फत.

"बाई," ते मोटारीला म्हणतात, "त्याले सांग, बारानंबर पाना दे."

'तो' म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ आबा. मोटारीच्या पलीकडे, हातभर अंतरावर उकिडवे बसलेले. आबा पाना मोटारीच्या पाठीवर ठेवतात आणि म्हणतात, "बाई, त्याले सांग, उलटा फिरवू नको."

आणि मी कोण? बांधाला बांध लागलेला दुर्दैवी शेजारी. बारा वर्षांपूर्वी एका पारडूवरून दोघांचं वाजलं आणि वाटणी झाली. शेत वाटलं, गोठा वाटला, बांधावरच्या निंबाच्या फांद्यासुद्धा मोजून वाटल्या. मोटार मात्र कापता येईना. त्यात एकाचा दुसऱ्यावर भरोसा नाही. न जाणो, आतली तांब्याची तार पळवली तर? मग पंचांनी ठरवलं, मोटार बिघडली तर ती दोघांच्या हजेरीतच उघडायची, आणि साक्षीदार म्हणून मी. मला विचारायचं तेवढं राहून गेलं.

मोटार दर पंधरा दिवसांनी बिघडायची. माझी कपाशी निंदायची राहायची आणि मी भर उन्हात त्या दोघांच्या मध्ये झाकण धरून बसायचो. नाना आधी तिच्या अंगावर हात ठेवून ताप बघायचे. मग कान लावायचे. "बठ्ठं आंग दुखी ऱ्हायनं हिनं," म्हणजे सगळं अंग दुखतंय, असं निदान व्हायचं. दोन तास खोलाखोली. सापडायचं काहीच नाही. झाकण लावलं की बाई सुरू!

एकदा मी हाक यायच्या आधीच विहिरीवर पोचलो. बघतो तर नाना स्टार्टरच्या पेटीतला फ्यूज काढून खिशात टाकताहेत आणि त्याच दमात ओरडताहेत, "मोटार गयी रे!"

माझं डोकंच फिरलं. "नाना, इतकी वर्षं मला उन्हात भाजता ते यासाठी?"

नाना मोटारीशेजारी टेकले. "मंग काय करू, भाऊ? त्याना खोकला वाढी गया. त्याले देखाले मनाजोडे दुसरं निमित्त नही शे."

भावाला बघायला दुसरं निमित्त नाही म्हणून हा उद्योग! मी आपला झाकण धरायला बसलो.

पण दोघांच्या मुलांना हे कुठे माहीत! रोजची कटकट नको म्हणून यंदा त्यांनी जुनी मोटार भंगारात काढली आणि दोघांना दोन नव्या आणून दिल्या. हजेरीचा नियमच संपला. नव्या बाया बटण दाबलं की चालू. आता फ्यूज काढून तरी उपयोग काय, आबा कशाला येतील? नाना नव्या मोटारीकडे सवतीकडे बघावं तसे बघायचे. महिनाभरात निम्मे झाले. "आते खोकला बी ऐकू नही येस," एवढंच म्हणायचे.

परवा भरदुपारी नानांची नवी मोटार बंद पडली. "मी हात बी नही लावा," नाना गळ्याला हात लावून सांगू लागले. मी पेटी उघडली. फ्यूज गायब!

तेवढ्यात मागून खोकला ऐकू आला. पान्यांची पेटी घेऊन आबा उभे. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

"बाईना आवाज नही उना," ते मोटारीकडे बघत म्हणाले, "म्हनीसन देखाले उनू." म्हणजे आवाज आला नाही म्हणून बघायला आले!

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून फ्यूजचं पांढरं टोक डोकावत होतं. मला दिसलं, नानांनाही दिसलं. नानांनी गोणपाट झटकून आबांसाठी अंथरलं आणि ती धडधाकट, नवीकोरी मोटार एकेक बोल्ट काढत खोलायला घेतली. अगदी सावकाश.

शेवटचा बोल्ट काढून नाना म्हणाले, "बाई, त्याले सांग, खोकलानं औषध ले."

आबांनी झाकण पुसलं. पुन्हा पुसलं.

"बाई, त्याले सांग, लेस."

मी चहा सांगायला घराकडे निघालो. घाई मात्र केली नाही.