ग्रिलच्या आतली स्कूटर

आकुर्डीच्या सोपानराव भोंडव्यांनी स्कूटरसाठी नंबर लावला तेव्हा त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत जात होती. तिचं लग्न झालं, ती सासरी नांदायला गेली, तिला मूल झालं, आणि मग एके दिवशी स्कूटर आली. निळी, कोरी करकरीत, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदसुद्धा न काढलेली. खरं तर त्या दिवसापासून घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण स्कूटरपाठोपाठ घरात काळजी शिरली, आणि तिला हाताला धरून आणलं शेजारच्या अण्णासाहेबांनी.

अण्णासाहेब हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि आता विम्याचं काम करत होते. पॉलिसी घ्या म्हणून ते कधी कुणाच्या मागे लागत नसत. ते फक्त सल्ला द्यायचे. तो ऐकता ऐकता समोरच्याला आपलं घर जळताना आणि गाडी चोरीला जाताना स्पष्ट दिसू लागायची, आणि तो आपणहून सही कुठं करायची ते विचारायचा. सोपानरावांनीही अशीच स्कूटरच्या आणि घराच्या विम्यावर सही केली होती. वाटलं होतं, आता सुटलो. पण सहीची शाई वाळायच्या आत अण्णासाहेब म्हणाले, "सोपानराव, विमा म्हणजे झाल्यानंतरची भरपाई. पण होऊच नये म्हणून तुम्ही काय केलंत?"

सोपानराव कंपनीत मशीन शॉपला चार्जमन होते. तिथं सांगितलेलं काम सांगितल्यासारखं करायची सवय अंगात मुरलेली. त्यांनी सल्ले एकामागून एक अमलात आणायला सुरुवात केली. स्कूटर चालवताना डोक्याला जपायचं म्हणून ते कंपनीतलं पिवळं हेल्मेट घालून गावातून जाऊ लागले. आग लागली तर असावी म्हणून वाळूची बादली स्वयंपाकघरात आली. घरच्या मांजरानं तिचा आपल्या सोयीनं वापर सुरू केला. स्कूटर चोरीला जाऊ नये म्हणून ती रोज संध्याकाळी फळीवरून चढवून पुढच्या खोलीत उभी राहू लागली, आणि पेट्रोलची गाडी अन् पेटता स्टो एका छपराखाली नको म्हणून स्टो मागच्या अंगणात गेला. त्याच्याबरोबर त्यांच्या पत्नी, गोजाबाईही गेल्या. भर उन्हाळ्यात अंगणात भाकरी थापताना त्या एकदा म्हणाल्या, "गाडी घरात अन् मी भाईर. बरं हाय." पण त्या जास्त काही बोलल्या नाहीत, कारण स्कूटरवर त्यांचंही काम अडलेलं होतं.

देहूला गोजाबाईंच्या भावाच्या मुलाचा साखरपुडा होता. भावजय कस्तुरा मोठ्या बागायतदाराची लेक. तिच्या माहेरची माणसं प्रत्येक कार्याला जीपगाडीतून उतरायची, आणि गोजाबाई मात्र बसमधून उतरून धुळीनं भरलेले पाय घेऊन मांडवात शिरायच्या. या खेपेला त्यांनी आधीच निरोप धाडला होता, की आम्ही आमच्या गाडीवर येतोय. सोपानरावांना रविवारी जादा पाळी होती, तिची त्यांनी रजाही टाकली होती.

त्याच आठवड्यात अण्णासाहेबांनी ग्रिल सुचवलं. घराला पुढच्या बाजूनं अरुंदसा व्हरांडा होता. तो सगळाच्या सगळा लोखंडी ग्रिलनं बंद करावा म्हणजे घरही सुरक्षित आणि स्कूटरही. सोपानरावांना पटलं. भोसरी रस्त्यावर कोंडीरामचं वेल्डिंगचं दुकान होतं. तो माप घ्यायला आला आणि ग्रिलचं दार खोलीच्या दारासमोरच ठेवतो म्हणाला. अण्णासाहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं. समोरासमोर दारं असली की रस्त्यावरून जाणाऱ्याला घरातलं सगळं दिसतं, आणि जे दिसतं ते चोरीला जातं. दार व्हरांड्याच्या टोकाला, बाजूला हवं. कोंडीरामनं खांदे उडवून खडूनं तशी खूण केली.

शुक्रवारी कोंडीराम सामान घेऊन आला. सोपानराव कामावर निघाले होते. अंगणातल्या स्कूटरला किक मारणार तोच कुंपणापलीकडून अण्णासाहेब म्हणाले, की सगळं ध्यान घरी असताना नवी गाडी कंपनीच्या स्टँडवर कशाला नेता? मन ग्रिलमध्ये, आणि हात हँडलवर, अशानंच अपघात होतात. सोपानरावांनी विचार केला, तर खरंच मन ग्रिलमध्ये होतं. मग अंगणात गाडी ठेवावी, तर वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार. त्यांनी स्कूटर पुन्हा फळीवरून चढवली, पुढच्या खोलीत नीट उभी केली, वर चादर टाकली आणि ते बसनं कामावर गेले.

संध्याकाळी परत आले तेव्हा ग्रिल बसलं होतं. हिरवा रंग, मधोमध लोखंडी कमळ. अण्णासाहेबांनी गजावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि समाधानानं मान डोलावली. कोंडीराम गावच्या जत्रेला निघून गेला. सोपानरावांनी बाजूच्या दाराला दणकट कुलूप घातलं.

शनिवारी पहाटपाळीला निघायचं म्हणून त्यांनी स्कूटर खोलीतून बाहेर ढकलली. पुढचं चाक उंबरठ्यावरून उतरलं आणि ठण्णकन ग्रिलवर आपटलं. त्यांनी हँडल दाराच्या दिशेनं वळवलं. चाक वळलं, गाडी वळेना. तिचं मागचं अंग अजून खोलीतच होतं आणि व्हरांडा गाडीच्या लांबीपेक्षा अरुंद. मागच्या अंगणाच्या दारातून काढावी, तर ते गाडीच्या हँडलहून अरुंद. त्यांनी ती मागे घेतली, तिरकी करून पुन्हा आणली. ठण्ण. चार-पाच वेळा असा आवाज झाल्यावर गोजाबाई आतून बाहेर आल्या आणि दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिल्या.

"अवो," त्या शेवटी म्हणाल्या, "ही आता भाईर कशी येनार?"

या प्रश्नाचं उत्तर आपल्यालाही हवंय, असं तोंड करून सोपानरावांनी भिमाजीला हाक मारली. भिमाजी ओव्हाळ मागच्या आळीत राहायचा. त्यांच्याच कंपनीत असेंब्लीला होता, आणि कुठल्याही यंत्राला घाबरत नसे. त्यानं परिस्थिती पाहिली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "आडवी वळत न्हाई ना? मग उभी करून वळवू. घोडा उभा राहतो तशी."

दोघांनी स्कूटरचं पुढचं अंग उचलून ती मागच्या चाकावर उभी केली. ती उभी राहिली खरी, पण उभ्या उभ्या तिच्या पोटातून पेट्रोल ठिबकायला लागलं. पेट्रोलचा वास येताच सोपानरावांच्या डोक्यातले सगळे सल्ले एकदम जागे झाले. आपल्या हातात अर्धी स्कूटर आहे हे विसरून ते स्वयंपाकघराकडे धावले आणि वाळूची बादली आणून त्यांनी ती ठिबकणाऱ्या पेट्रोलवर, स्कूटरवर आणि एकट्यानं स्कूटर पेलून उभ्या असलेल्या भिमाजीवर रिकामी केली. आग लागलेली नव्हतीच. पण वाळू मांजराची होती, हे सगळ्यांना लगेच कळलं.

भिमाजीनं स्कूटर हळूच खाली ठेवली, अंग झटकलं, वास घेतला आणि अतिशय शांतपणे सांगितलं, "सोपानराव, मी आंघूळ करून येतो. तवर तुमी कशालाच हात लावू नका."

त्या दिवशी दोघांचीही पाळी बुडाली. कोंडीरामच्या दुकानाला कुलूप होतं. दुसऱ्या वेल्डरनं परक्याच्या कामाला हात लावत नाही म्हणून सांगितलं. दुपारी सोपानराव अण्णासाहेबांकडे गेले. विमा उतरवलेला आहे, तो कधी उपयोगी पडणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. अण्णासाहेबांनी चष्मा लावला.

"चोरी झाली?"

"न्हाई. घरातच हाय."

"अपघात?"

"जागची हालत न्हाई, अपघात कशाचा व्हतोय."

"आग?"

"सकाळी लागता लागता ऱ्हायली."

"मग नुकसान काय झालं, सोपानराव?"

"भाईर येत न्हाई."

अण्णासाहेबांनी पॉलिसीचा कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मग चष्मा काढून ते म्हणाले, "बाहेर येत नाही, याची भरपाई नसते. उलट विम्याच्या दृष्टीनं ही आदर्श स्थिती आहे. इतकी सुरक्षित गाडी सगळ्या पुणे जिल्ह्यात सापडायची नाही." हे बोलताना त्यांच्या आवाजात खरोखरचं कौतुक होतं, आणि सोपानरावांना राग नेमका कशाचा येतोय तेच कळेना.

रविवारी सकाळी भिमाजी लोखंड कापायची हॅक्सॉ घेऊन आला. गज जाडजूड, एकेक पातं तुटत होतं आणि गजावर नुसते चरे उमटत होते. आत गोजाबाई तयार होऊन बसल्या होत्या. लग्नात नेसायची ठेवणीतली नऊवारी, नथ, केसांत अबोलीचा गजरा. त्या स्कूटरच्या मागच्या सीटवरच बसल्या होत्या, कारण खोलीत बसायला दुसरी जागा नव्हती. ऊन वर चढलं तशा त्या उतरल्या, नथ काढून रुमालात बांधली आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. बसनं जाऊ."

त्या चिडल्या असत्या तर सोपानरावांना बरं वाटलं असतं. पण त्यांनी ते इतकं साधेपणानं म्हटलं, की सोपानरावांचा हात गजावरच थांबला. आयुष्यभर ही बाई बसनंच गेली. एवढ्या वर्षांनी गाडी आली, तर ती आपण स्वतःच्या हातानं कोंडून ठेवली. हॅक्सॉ खाली टाकून त्यांनी मोठा सुस्कारा सोडला आणि ग्रिलला पाठ टेकली.

ग्रिल हललं. मग करकरलं. आणि सोपानरावांना पाठीवर घेऊन अख्खंच्या अख्खं अंगणात आडवं झालं.

सोपानराव लोखंडी कमळावर उताणे पडून आभाळाकडे बघत होते. भिमाजीनं भिंतीतल्या खाचेत बोट घातलं. तिथला माल भुसभुशीत होऊन बोटाबरोबर बाहेर आला.

"वाळू हाय नुसती," तो म्हणाला. "शिमिटाचा वासबी न्हाई लागू दिला गड्यानं. काल गाडीनं धडका मारल्या तवाच सैल झालं आसनार."

गोजाबाई पुढं आल्या. "लागलं का कुठं?"

सोपानरावांनी हातपाय हलवून पाहिले आणि न्हाई म्हणून सांगितलं.

"मग उठा की," गोजाबाई म्हणाल्या आणि रुमालातून नथ काढू लागल्या.

ग्रिलशिवाय घर टाकून जायचं सोपानरावांच्या जिवावर आलं होतं. पण अण्णासाहेब आवाज ऐकून आलेच होते. सल्ला आपला होता, तेव्हा राखणही आपलीच, असं म्हणून त्यांनी व्हरांड्यात खुर्ची टाकली, शेजारी काठी ठेवली आणि दोघांना निश्चिंत जायला सांगितलं. स्कूटर फळीवरून अंगणात उतरली. गोजाबाईंच्या अटीवरून पिवळं हेल्मेट घरीच राहिलं. त्याऐवजी सोपानरावांनी फेटा बांधला आणि गाडी इतकी हळू चालवली, की देहूच्या अलीकडं एका सायकलवाल्यानं त्यांना मागं टाकलं.

देहूत मात्र झालं ते अगदी गोजाबाईंच्या मनासारखं. स्कूटर मांडवाच्या दारात थांबली, मंडळी उठून बाहेर आली, कस्तुरानं स्वतः गाडीला कुंकू लावलं. तिच्या माहेरची जीप त्या दिवशी वाटेत बंद पडली होती, आणि तिची माणसं बसनं आली. गोजाबाईंनी त्यांना पाय धुवायला आपल्या हातानं पाणी दिलं आणि प्रवासाचा त्रास झाला का, असं अगदी मायेनं विचारलं. जेवणं झाल्यावर मेहुण्यानं विषय काढला, की गाडी घेतली खरी, पण आजकाल चोऱ्या फार होतात. सोपानरावांनी पान तोंडात टाकलं आणि घराला ग्रिल कसं असावं, दार कुठं ठेवावं, माल कसा कालवून घ्यावा, यावर बराच वेळ बोलले. ऐकणारी माणसं माना डोलावत होती. आपण अण्णासाहेबांसारखं बोलतोय हे त्यांच्या ध्यानात आलं, तेव्हा दोघांनी आकुर्डीला येऊन ग्रिल बघायचं कबूलही केलं होतं.

दिवस मावळायच्या आत ते घरी परतले. अंगणात अण्णासाहेब, भिमाजी आणि जत्रेहून आलेला कोंडीराम असे तिघं ओळीनं उभे होते. तिघांचे हात सिमेंटनं माखले होते. त्यांच्यामागं ग्रिल पुन्हा जागच्या जागी उभं होतं.

अण्णासाहेब पुढं झाले. कोंडीराम आल्या आल्या आपण त्याला कसं फैलावर घेतलं, भिंतीत हातभर खोल भोकं कशी पाडायला लावली, सिमेंटचं अख्खं पोतं डोळ्यांदेखत कसं वापरून घेतलं, हे त्यांनी भरभरून सांगितलं. भिमाजीनं दोन्ही हातांनी गज धरून अंगातल्या सगळ्या जोरानं ओढून दाखवला. ग्रिल तसूभरही हललं नाही.

सोपानराव स्कूटरवरून उतरले. ग्रिलकडे पाहिलं. बाजूच्या दाराकडे पाहिलं. मग स्कूटरकडे पाहिलं.

"लई झ्याक काम झालंय," ते म्हणाले. "पर अण्णासाहेब, ही आत कशी न्यायची?"

अण्णासाहेबांनी काठीनं व्हरांड्याची रुंदी मोजून पाहिली. भिमाजी कोंडीरामकडे बघू लागला, कोंडीराम आपल्या बोटांवरचं सिमेंट खरवडू लागला. कुणालाही सल्ला सुचला नाही.

मंडळी पांगल्यावर सोपानरावांनी आतली बाज काढली, बाजूच्या दारातून आडवीतिडवी करत अंगणात आणली आणि स्कूटरला लागून टाकली. रात्रभर जागायची तयारी करून ते त्यावर बसले. नव्या गाडीला एकटं सोडणं काही त्यांच्यानं होण्यासारखं नव्हतं. थोड्या वेळानं ग्रिलचं दार वाजलं. गोजाबाई वाकळ आणि उशी घेऊन बाहेर आल्या. सोपानरावांना वाटलं, आपलं अंथरूण आणलंय. पण गोजाबाईंनी स्कूटरच्या दुसऱ्या अंगाला सतरंजी पसरली, तिच्यावर वाकळ टाकली आणि आत जाऊन पाण्याचा तांब्याही आणला.

"तू कशाला भाईर? आत झोप की, आता किती भक्कम झालंय."

"आत लई उकडतंय," गोजाबाई म्हणाल्या. "अन् गाडी काय तुमच्या एकट्याची हाय?"

त्यांनी ग्रिलच्या दाराला दणकट कुलूप घातलं, ओढून पाहिलं आणि किल्ली कनवटीला खोचली. मग अंथरुणावर पडून त्या कस्तुराच्या माहेरच्या जीपची हकीकत पहिल्यापासून सांगायला लागल्या. मधूनच हात लांब करून त्या स्कूटरच्या चाकावरची देहूची धूळ पदरानं पुसत होत्या. हिरव्या ग्रिलच्या आत, बंदोबस्तात, मांजर तेवढं एकटं झोपलं होतं.