सत्तावीस किलो आणि पहिली रांग

सत्तावीस किलो! नीट ऐका, पुन्हा सांगणार नाही. स्वतःच्या अंगावरून, स्वतःच्या हिमतीवर, अकरा महिन्यांत मी सत्तावीस किलो उतरवले! आमच्या कराकोल गावच्या गुरांच्या बाजारात एवढ्या वजनाचं कोकरू घेतलंत तर ते गाडीत चढवायला दोन माणसं लागतात. मी ते वीस वर्षं एकटीने वागवत होते, आणि वर शाळेत भूगोलही शिकवत होते. फळ्यासमोर उभी राहिले की नकाशातला अर्धा आशिया झाकला जायचा. मुलं म्हणायची, "बाई, जरा सरका, चीन दिसत नाही!"

आता चीन दिसतो. पण वजन कमी करण्यापेक्षा ते कमी केलंय हे लोकांना पटवणं किती अवघड असतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

बेत अगदी साधा होता. जून महिन्यातल्या एका शनिवारी आमच्या शाळेच्या वर्गाचा मेळावा होता. शाळा सुटून तीस वर्षं झाली म्हणून. जेवण, भाषणं आणि शेवटी सगळ्यांचा फोटो. हा फोटो महत्त्वाचा! आमच्या वर्गाचे आजवरचे फोटो काढून बघा. दहावीच्या फोटोत मी झाडामागे आहे. दहा वर्षांनंतरच्या फोटोत ताश्तानबेकच्या टोपीमागे. वीस वर्षांनंतरच्या फोटोत माझा नुसता अंबाडा आलाय. मला कुणी मागे ढकललं नव्हतं हो! मी स्वतःच जायचे. "अगं अनिपा, ये ना पुढे!" "नको गं, मी उंच आहे ना, मागच्यांना दिसणार नाही." मी पाच फूट एक इंच आहे.

यंदा मात्र पहिली रांग! बरोबर मधोमध! कमरेला पट्टा असलेला लाल झगा शिवून कपाटात लपवला होता. मला सगळ्यांना एकदम चकित करायचं होतं. म्हणून अकरा महिने मी जुने, ढगळ कपडेच घालत राहिले आणि गुपित फक्त एकीला सांगितलं. ती म्हणजे रायकान, माझी वर्गमैत्रीण. ती दवाखान्यात नर्स आहे. दर मंगळवारी मागच्या दाराने जाऊन मी तिच्या काट्यावर उभी राहायचे.

"रायकान, शपथ घे! कुणी कितीही विचारलं तरी बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"मी स्वतः पाया पडून म्हटलं ‘सांग’, तरी नाही!"

"नाही गं बाई, नाही!"

आणि ती मेली खरंच बोलली नाही. माणसाने शब्दाला इतकंही जागू नये!

आता गावाच्या बाजूने बघा. अनिपा कपड्यांच्या आत वाळत चाललीय. अनिपा दर मंगळवारी गुपचूप दवाखान्यात जाते. येताना कधीकधी डोळे पुसत येते. (त्या आठवड्यात अर्धा किलो वाढलेलं असायचं, रडू नाही तर काय येणार?) आणि सगळ्यात भयंकर म्हणजे, अनिपा ताटातली मेंढीच्या शेपटीची चरबी परत पाठवते! आमच्याकडे माणूस ठरलेली सोयरीक मोडेल, पण समोर आलेली चरबी नाकारणार नाही. लोकांनी रायकानला गाठलं. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, "मला विचारू नका. शपथ घातलीय तिने."

संपलं! गावाने निदान करून टाकलं.

तुम्ही म्हणाल, मलाच का नाही विचारलं? वा! आमच्याकडे मोठं दुखणं असलं की डॉक्टर भावाला सांगतो, भाऊ चुलतभावाला, चुलतभाऊ गल्लीला. फक्त ज्याला दुखणं आहे त्याला कुणी सांगत नाही. धीर सुटेल ना बिचाऱ्याचा! माझ्या काकांना वर्षभर आम्ही "पोटात गॅस धरलाय" असंच सांगत होतो. मीसुद्धा सांगितलं होतं, तेही हसऱ्या चेहऱ्याने. तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही, पण मी करणार.

घरातही तेच चाललं होतं, आणि मला पत्ता नाही. माझे यजमान एसेनबेक बसगाड्या दुरुस्त करतात. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण या माणसाने स्वतःची चहाची वाटी कधी विसळली नव्हती. एक दिवस बघते तर ताटं घासतायत!

"अहो, आज सूर्य कुठून उगवला?"

"तू बस. दमली असशील."

आणि मग माझ्याकडे एकटक बघत राहिले. मी मनात म्हटलं, अनिपा, कंबर दिसायला लागली बरं का! अगदी लाजले मी. या वयात!

"अनिपा," ते घसा खाकरून म्हणाले, "तू माझ्यापासून काही लपवत नाहीस ना?"

मी डोळा मारला. "शनिवारी कळेल. सगळ्यांना एकदमच कळेल!"

त्यांच्या हातातलं काचेचं ताट खाली पडून फुटलं. मला वाटलं, प्रेम!

सासूबाईंचं तर विचारूच नका. नाव त्यांचं ‘बुरुलचा’, जीभ अशी की कांदा तिखट वाटू नये. त्या मला "बाळ" म्हणायला लागल्या. एका सकाळी अंगणात काळ्या तोंडाची मेंढी बांधलेली.

"आई, ही कशाला?"

"असंच. रविवारी नातेवाईक बोलावून मेंढी कापू, प्रार्थना करू. घरादाराच्या भल्यासाठी."

"कुणी आजारी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मेंढीकडे बघितलं, आणि रुमालाने डोळे टिपत आत गेल्या. मी म्हटलं, वय झालं बिचारीचं.

शनिवार उजाडला. लाल झगा घालून मी आरशासमोर उभी राहिले आणि खरं सांगते, घाबरले. वजन उतरतं, पण अठ्ठ्याण्णव किलोची बाई डोक्यातून उतरत नाही. अजूनही दारातून मी तिरकी होऊन जाते. दंडाखालचं कातडं लोंबतंय, ते तर कुठल्याच काट्यावर कमी होत नाही. शाल घ्यावी का? घेतली. टाकली. पुन्हा घेतली. शेवटी शाल पलंगावर फेकून तशीच पळत सुटले, नाहीतर मेळावा आरशासमोरच संपला असता.

मी सभागृहात शिरले आणि चाळीस माणसं गप्प झाली. कुणाचा तरी चमचा पडला. मी म्हटलं, जिंकलं!

पहिली धावली ती जिपारा. पहिल्या रांगेची कायमची मालकीण! तिने मला मिठी मारली आणि चक्क रडायला लागली. "किती सुंदर दिसतेस गं!"

जिपारा माझ्या रूपावर रडतेय! तीस वर्षांचे पांग फिटले! मी तिची पाठ थोपटली. "असू दे गं, तूही बरी दिसतेस."

मग ताश्तानबेक आला. शाळेत मला "बटाटा" म्हणायचा तो, आता सगळ्या समारंभांचा पुढारी. "अनिपा, फार छळलं तुला. मनात काही ठेवू नकोस. माफ कर."

मी उदार मनाने माफ केलं.

जेवण आलं. आमच्याकडे मटणाचं कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे मानावर ठरतं. कमरेचं मोठं हाड सगळ्यात मानाच्या माणसाला, म्हणजे दरवेळी ताश्तानबेकला. ते त्याने स्वतः उचलून माझ्यापुढे ठेवलं! तिथेच मला शंका यायला हवी होती. पण लाल झग्यातल्या बाईला शंका येत नसते.

मग एकेकजण उठून शुभेच्छा द्यायला लागला. पहिला म्हणाला, "किती जगलो याला महत्त्व नाही, कसं जगलो याला आहे." दुसरी म्हणाली, "आपण सगळे इथले पाहुणेच." तिसरा म्हणाला, "माणूस जातो, माया मागे राहते." मी प्रत्येकाला टाळ्या वाजवल्या. मग हळूच जिपाराच्या कानाशी लागले. "कोण गेलं गं आपल्यातलं?"

जिपारा हंबरडा फोडून बाहेर पळाली.

ताश्तानबेक उठला. "आपली अनिपा! एवढं सगळं सोसूनही आज हसतमुखाने..."

"मी काय सोसलं?"

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"ए, मी काय सोसलं? बोला की!"

"काही नाही, काही नाही," शेजारची म्हणाली. "गॅस धरलाय तुझ्या पोटात. होईल बरं."

गॅस! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकांना सांगितलेला तोच गॅस! मी ओरडले, "अरे, मी आजारी नाही! मी मुद्दाम वजन कमी केलंय!"

"हो हो, मुद्दामच," चाळीस तोंडं एका सुरात म्हणाली. एकीने मला पाणी दिलं. एक पुटपुटली, "तिला अजून सांगितलेलं नाही वाटतं."

"रायकानला विचारा! लावा फोन!"

रायकान ड्यूटीवर होती. ताश्तानबेकने फोनचा आवाज मोठा केला. "रायकान, अनिपाला काय झालंय?"

"नाही सांगणार. शपथ आहे."

मी फोन हिसकावला. "अगं सांग! मीच सांगते, सांग!"

"अनिपा, तूच म्हणाली होतीस, तू पाया पडलीस तरी सांगायचं नाही. मी शब्द मोडणार नाही!" आणि फोन बंद! सभागृहात हुंदक्यांचा पूर आला.

तेवढ्यात फोटोवाला म्हणाला, "चला, उजेड जायच्या आत."

आणि बसवलं की मला पहिल्या रांगेत! बरोबर मधोमध! खुर्चीवर! सगळ्यांच्या वतीने ताश्तानबेकने जाडजूड रजईसारखा मानाचा अंगरखा आणला आणि माझ्या अंगावर घातला. गळ्यापासून घोट्यापर्यंत! वर बंदही बांधले! लाल झगा गेला, पट्टा गेला, कंबर गेली. गुडघ्यावर आणखी एक पांघरूण आलं. जूनमध्ये!

"इकडे बघा," फोटोवाला म्हणाला.

मग मात्र माझं टाळकं फिरलं. तीस वर्षं मी स्वतः स्वतःला लपवलं, ते ठीक. पण आज हे चाळीसजण मिळून मला लपवतायत? मी उठले, अंगरखा ओढून काढला आणि भिरकावला.

"बघा!" मी किंचाळले. "ही कंबर! माझी आहे! आणि हे लोंबणारं कातडं दिसतंय? तेही माझंच! रोज पहाटे तळ्यापर्यंत चालत गेलेय मी, बर्फातसुद्धा! अकरा महिने तुमच्या ताटाकडे बघत उकडलेला कोबी खाल्लाय! मला दुखणं नाही, मला भूक लागलीय!"

आणि शेजारच्या टेबलावरून चरबीचा हाताएवढा तुकडा उचलून मी तोंडात कोंबला.

मग मागून कुणीतरी म्हणालं, "चरबी खाल्ली!"

"दोनदा चावून गिळली!"

"अरे, मग ठणठणीत आहे की बाई!"

चाळीस माणसांना माझा शब्द पटला नाही, चरबी पटली. कॅमेरा वाजला तो त्याच क्षणी.

फोटो संध्याकाळी सगळ्यांच्या फोनवर आला. माझा एक हात हवेत, दंडाचं कातडं झेंड्यासारखं, हनुवटीवर चरबीचा ओघळ, तोंड भरलेलं, पट्टा वर सरकलेला. पहिल्यांदा वाटलं, फोन तळ्यात फेकावा. पाच मिनिटांनी पुन्हा बघितला. मग आणखी एकदा. त्यात मी डोक्यापासून टाचांपर्यंत होते, आणि सगळ्यांच्या पुढे होते. आणि एवढा वेळ चाळीस माणसांसमोर उभी होते, पण पोट आत ओढायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी फोटोची मोठी प्रत काढून आणली.

यजमानांना सगळं सांगितलं. ते आधी रडले, मग हसले, आणि त्या दिवसापासून त्यांनी एकही ताट घासलेलं नाही. सासूबाईंनी रविवारी सकाळी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता आलेल्या माणसांना काय सांगू? मेंढी तर कापली."

प्रार्थना झाली. तीस पाहुणे जेवायला बसले. फोटो हातोहात फिरत नारीनहून आलेल्या एका म्हाताऱ्या आत्याबाईंकडे गेला.

"ही कोण गं?"

"माझी सून," सासूबाई म्हणाल्या. "बरी झाली."

"काय झालं होतं?"

सासूबाईंनी आवाज खाली आणला. "कुणास ठाऊक! आम्हाला तरी कुठे कुणी सांगितलं!"

मी ताडकन उठले. आता या खोलीत एकदा, शेवटचं, खणखणीत सांगणार होते. सत्तावीस किलो! अकरा महिने! माझी हिंमत! तोंड उघडलं, तेवढ्यात आत्याबाईंनी फोटो हातभर लांब धरला आणि म्हणाल्या, "काही का असेना, बाई मात्र देखणी आहे हो."

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि मुकाट्याने त्यांच्या वाटीत चहा ओतला.