हातच्या कांडीची आणि लोखंडाच्या दाव्याची हकीकत

ज्याचे कृपेनें तापली कुपी फुटत नाहीं, त्यास वंदन करोन लिहिणें ऐसें जे, शके १९४५ शोभननाम संवत्सरे माघमासीं रसायनराज्यीं, म्हणजे आमचे प्रयोगशाळेंत, बिकट प्रसंग गुदरला, तो आम्हीं डोळां पाहिला तैसा लिहितों. राज्याच्या धनीण ऊर्मिलाबाई सावरगांवकर. त्यांचा दावा ऐसा कीं, दोन रेणूंची गांठ घालावयास अवघें जग पॅलेडियम नामें महागडा धातु योजितें, तेंच काम आमचे दरबारीं साधें लोखंड करितें. हें बाईंनीं तेवीस वर्षांमागें संशोधनाचे दप्तरीं नोंदविलें आणि त्या एका नोंदीवर पुढील साठ नोंदी रचिल्या, आणि पदकें, मानमरातब, शिष्य अवघें त्यावरच मिळविलें. बाईंचे गुरु दत्तोपंत हळबे जन्मभर पॅलेडियमचे माणूस. ते म्हणाले, लोखंडानें होणार नाहीं. मग बाईंनीं त्यांशीं अबोला धरिला, आणि अबोल्यांतच दत्तोपंत वारले.

पुढें परमुलखांतून पत्रें येऊं लागलीं कीं, आमचे येथें लोखंड ढिम्म हालत नाहीं. पहिलें पत्र बाईंनीं हसोन ठेविलें, दुसरें न हसतां ठेविलें, आणि तिसरियामागें तीन परीक्षकच निघाले कीं, समक्ष करोन दाखवा, नाहीं तर दावा खोडा.

आतां येथील रिवाज सांगणें प्राप्त. कुपींतील द्रव घुसळावयास पांढरे वेष्टणाची चुंबकी कांडी असते, बोटाचे पेराएवढी. गुरूनें आपली कांडी आवडते शिष्यास द्यावी, शिष्यानें ती जन्मभर वापरावी, वरवर अॅसिटोननें पुसावी, परंतु कडक आम्लांत कधीं घालूं नये, कां तर कांडीचा हात, म्हणजे गुण, जातो. शास्त्र शिकलेलीं माणसें हें मानीत. आम्हीही मानीत होतों, खोटें कशास लिहावें. बाईंची कांडी दत्तोपंतांनीं दिधली होती, भांडणाआधीं.

परीक्षक यावयास घटकाभर अवकाश असतां शिष्या निलोफर मुलाणी बाईंसमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, कांडीवर ओरखडे आहेत. त्यातलं काळं मी सुईनं खरवडून तपासायला दिलं होतं. रिपोर्ट आलाय."

"मग?"

"पॅलेडियम आहे."

बाई म्हणाल्या, "कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

जुनी कांडी टाकावी तर ओरखड्यांतील पॅलेडियमानें काम फत्ते, आणि कांडी कोणती हें परीक्षक विचारीत नाहींत. नवी टाकावी तर तेवीस वर्षें पाण्यांत. आम्ही मनांत घोकीत होतों कीं, बाई, जुनीच टाका. ती आमची लबाडी येथें कबूल करितों.

परीक्षक आले, चहा जाहला, आणि मुख्य परीक्षक बोलिले, "सुरू करा, बाई." निलोफरनें दोन्ही कांड्या पुढें ठेविल्या. बाईंनीं जुनी उचलली, तिजवर अंगठा फिरविला, आणि मग खालीं ठेविली.

"नवीन टाक."

"मॅडम, नक्की?"

"टाक म्हणते ना."

मग कुपी तापली, कांडी फिरूं लागली, आणि दर अर्धे तासानें थेंब काढोन यंत्रास दाखवावा आणि पडद्यावर नवे रेणूची खूण शोधावी, ऐसें तीन तास चाललें; खूण कांहीं उठेना. निलोफरचे डोळे भरले. मग बाईंनीं स्वहस्तें जुनी कांडी त्याच कुपींत सोडिली, आणि अर्धे तासांत खूण ताठ उभी राहिली.

परीक्षक म्हणाले, "म्हणजे काम ही कांडी करत होती?"

"कांडी नाही. आमचे सर," बाई म्हणाल्या, आणि दप्तर ओढोन दावा आपले हातें खोडिला, आणि खालीं सही केली. आम्हांस वाईट वाटलें, आणि बाईंचा अभिमानही वाटला.

एकंदर हकीकत इतकीच. कांडी त्याच दिवशीं अम्लराज नामें धातु विरघळविणारे कडक आम्लांत धुतली. ती निलोफरला न देतां बाईंनीं तिला दुकानची कोरी कांडी दिधली. मग दत्तोपंतांचे तसबिरीपुढें उभ्या राहोन तेवीस वर्षांनीं पहिला शब्द बोलिल्या कीं, "सर, नाही झालं लोखंडानं." हें राज्याचें दप्तरीं कोणी लिहिलें नाहीं, म्हणोन आम्हीं लिहिलें.