लक्ष्मणरावांची ओळ सर्वांत वर

गावाची प्रगती गावात काय आहे यावरून ठरत नाही, त्याची नोंद कुठे आहे यावरून ठरते. आमच्या गावात (कोंढ्याच्या पुढे, धानाच्या बांध्या ओलांडल्या की) एक सार्वजनिक सभागृह आहे. पण ते नुसतंच होतं. भिंती, पत्रे, पंखे आणि चपलांसाठी ओटा, एवढ्या बळावर एखाद्या इमारतीनं किती दिवस सभागृह म्हणवून घ्यावं? म्हणून सभागृह समितीनं त्याचं ॲप करायचं ठरवलं.

काम हर्षाकडे आलं. गावातलीच मुलगी, नागपूरला सॉफ्टवेअरच्या कंपनीत असते. फुकट करून देते म्हणाल्यामुळे तिच्या गुणवत्तेबद्दल समितीला पहिल्यापासून शंका होती. तिनं सांगितलं, की हे ॲप जावास्क्रिप्टच्या एक्सप्रेस नावाच्या चौकटीत सर्व्हरवर चालेल आणि त्याच्या ठरलेल्या पद्धती असतात. 'गेट' म्हणजे कुणी विचारलं तर माहिती दाखवायची. 'पोस्ट' म्हणजे अर्ज घ्यायचा. 'डिलीट' म्हणजे काढून टाकायचं (ही पद्धत समितीला न सांगताच कळली). 'यूज' म्हणजे येणाऱ्या प्रत्येक अर्जापुढे एकेकाला बसवायचं; त्यानं अर्ज पाहून पुढच्याकडे सरकवायचा, नाहीतर स्वतःच उत्तर देऊन विषय संपवायचा. आणि 'लिसन' म्हणजे ऐकायला लागायचं. ही ओळ लिहिल्याशिवाय ॲप कुणाचंच ऐकत नाही. समितीनं ती ओळ उद्घाटनापर्यंत राखून ठेवली. ऐकण्याची सुरुवात पाहुण्यांच्या हस्तेच व्हावी, असं अध्यक्ष भोजराजभाऊंचं म्हणणं पडलं.

हर्षानं प्रत्येक सदस्याच्या नावानं एकेक ओळ केली. एकाची ओळ तारीख मोकळी आहे का पाहणार, दुसऱ्याची अर्जदार गावचाच आहे का पाहणार. सर्वांत ज्येष्ठ सदस्य लक्ष्मणराव, ज्यांच्या खटपटीनं हे सभागृह उभं राहिलं, त्यांना तिनं शेवटचा शब्द दिला. वरच्या कुणालाच उत्तर देता आलं नाही, तर त्यांच्या ओळीनं म्हणायचं, 'असे काही आढळले नाही.'

भोजराजभाऊंनी यादी पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हर्षाबाई, हे काय? काकाचं नाव सगळ्यात खाली?"

"भाऊ, ते शेवटीच पायजे. ॲप वरून खाली वाचत जाते. त्यायले वर घेतलं त आल्या आल्या सगळ्यायले तेच उत्तर भेटन. खालच्यायचा नंबरच नाई लागणार."

"मंग भेटू द्या ना! लग्नपत्रिकेत आजोबाचं नाव मामाच्या खाली छापते का कोणी?"

हर्षानं दोनदा समजावलं. तिसऱ्या वेळी तिच्या वडिलांनी तिलाच समजावलं. लक्ष्मणरावांची ओळ सर्वांत वर गेली आणि ॲपचं ऐकणं थाटात सुरू झालं.

निकाल अपेक्षेहून चांगले आले. शंभर टक्के अर्ज क्षणात निकाली निघाले, जे कोणत्याही सरकारी कचेरीला आजवर साधलेलं नाही. तक्रारी शून्य आल्या (तक्रारीचा अर्जही आढळत नव्हता). सभागृहाची माहिती विचारली, की तेही आढळत नसे. गावात सभागृह नाही हे अशा रीतीनं सिद्ध झाल्यावर समितीनं नव्या सभागृहाचा प्रस्ताव केला. जागेची पाहणीही झाली. पण त्या जागेवर एक सभागृह उभं असल्यानं प्रस्ताव बारगळला.

या सगळ्या प्रगतीत अडचण एकाच बाईची होती. गिरजाबाईच्या मुलीचं, रिताचं लग्न ठरलं होतं, मे महिन्यातलं, भर दुपारचं. वऱ्हाड वरठीहून येणार होतं. अंगणात माणसं मावणार नव्हती. तिनं हर्षाला फोन केला.

"बाई, हॉल त मले इथून दिसून राहिला. मोबाईलले काहून नाई दिसत?"

"काकू, एक ओळ खाली घ्या लागते. मिनिटाचं काम हाय. फक्त भाऊनं हो म्हणा लागते."

भाऊ म्हणाले, "मी हो म्हणीन वो, पण ॲपनं नाई म्हटल्यावर मी कोण?" मग गिरजाबाई लक्ष्मणरावांकडे गेली. म्हातारा भला माणूस.

"मी त त्या मोबाईलमंदी काईच बोललो नाई, बाई," ते म्हणाले. "पण आता सगळ्यायनं वर बसवलं हाय, त उतरू कसा?"

लग्न सभागृहासमोरच्या मैदानात मांडव टाकून लागलं. समिती सन्मानानं पहिल्या रांगेत बसली होती. अक्षता पडल्या, पहिली पंगत बसली आणि धुळीचं वावधान सुटलं. मांडव एका बाजूनं उचलला गेला, भातात, वरणात माती पडली. वऱ्हाडी पत्रावळ्या धरून सभागृहाच्या वळचणीला दाटीनं उभे राहिले. शालू सावरत रिता उन्हात आणि धुळीत उभी होती. गिरजाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं (धुळीमुळे, असं समितीचं मत आहे). एवढ्या वर्षांत जमवलेलं सगळं तिच्या डोळ्यांसमोर मातीत गेलं आणि मला तिच्याकडे बघवलं नाही. काही तरुणांनी पुन्हा एकदा मोबाईलवर अर्ज करून पाहिला. उत्तर तत्काळ आलं.

तेवढ्यात गावातलं एक कुत्रं गर्दीतून वाट काढत आलं. त्यानं नाकानं दार ढकललं आणि आत जाऊन थंड फरशीवर अंग टाकलं.

दाराला कुलूप नव्हतं. नुसतं लोटलेलं होतं, नेहमीसारखं. समितीनं विनापरवाना प्रवेशाबद्दल कुत्र्याला हाकललं, दार पुन्हा लोटलं आणि आम्ही सगळे परत वळचणीला येऊन उभे राहिलो.

आमच्या गावाला हसण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. फक्त एवढं सांगा, त्या दाराला कुलूप आहे का, हे तुम्ही तरी इतका वेळ कुठं विचारलंत?