हरेश्वरचा बोलका उजेड

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मन जरा हलकं होईल. दिवाळीत आमच्या डोंबिवलीतल्या अख्ख्या सोसायटीवर असतात त्यापेक्षा जास्त दिवे एका ट्रकवर बारा महिने असतात. त्या ट्रकचा एक दिवा मी कापून काढला. मालकाला न विचारता. आणि त्याच्या लक्षात आलं तेव्हा खोटं बोललो. मी एरवी खोटं बोलणारा माणूस नाही, असं पुढे लिहिणार होतो. पण ते आता कुठल्या तोंडाने लिहू?

ट्रक हरेश्वरचा. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅच बघतो. पुठ्ठ्याची खोकी बनवतो आम्ही. ती घोडबंदर रोडच्या गोदामात पोचवायचं काम हरेश्वर करतो. मूळचा खाडीकाठचा कोळी. पन्नाशी उलटलेली, अंगाने चांगला आडवा. मनगटावर काळ्या इन्सुलेशन टेपचं रीळ बांगडीसारखं चढवलेलं आणि खिशाला पेनाच्या जागी टेस्टर. ट्रकच्या पुढच्या भागाला तो 'नाळ' म्हणतो, स्टिअरिंगला 'सुकाणू', आणि रिव्हर्स घेताना 'मागं वल्हवतो'. घरची होडी विकून ट्रक घेतल्यावर माणसाचं असंच व्हायचं, असं म्हणून आम्ही हसायचो.

पण त्याचं खरं वेड दिव्यांचं. बाजारात नवा एलईडी आला की आठवड्याभरात तो हरेश्वरच्या ट्रकवर दिसणारच. पुढे पांढरे, बाजूला नारिंगी, मागे लाल, चाकांवर वेगळे, पायरीवर वेगळे. सगळं वायरिंग स्वतःच्या हाताने. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र फ्यूज, प्रत्येक जोडावर टेप, वर पाणी जाऊ नये म्हणून सिलिकॉन. दुसऱ्या कुणी वायरीला हात लावलेला त्याला खपत नाही. डॅशबोर्डवर त्याने घरात असतो तसा पांढरा स्विचबोर्ड बसवला आहे. शेवटचं बटण तर चक्क दारावरच्या बेलचं.

"उजेड कसा, बोलका पाहिजे, सायेब," हे त्याचं ब्रीद. "नुसता लख्ख पडलाय, तो मुका उजेड. काय उपयोग?"

त्याच्या मते प्रत्येक दिवा काहीतरी बोलतो. लाल म्हणतो, थांब बाबा. नारिंगी म्हणतो, मी वळतोय, अंगावर येऊ नको. पायरीवरचा निळसर म्हणतो, पाय जपून टाक. एकदा ट्रॅफिक हवालदाराने त्याला कापूरबावडीला बाजूला घेतलं. "काय रे, ट्रक आहे का ऑर्केस्ट्रा?" हरेश्वर खाली उतरला आणि एकेक दिवा काय बोलतो ते त्याला समजावू लागला. चाकांपर्यंत पोचायच्या आत हवालदार म्हणाला, "जा बाबा, सिग्नल सुटला. माझं डोकं नको खाऊ." आणखी एकदा घोडबंदरच्या जाममधून दोन रिक्षा भरून माणसं त्याच्या मागोमाग थेट गोदामापर्यंत आली. त्यांना वाटलं, ही हळदीची गाडी. हरेश्वरने त्यांना पाणी पाजलं, हळदीचा पत्ता शोधून दिला आणि वर सांगितलं, "नवरदेवाला बोला, गाडीचं अर्थिंग बघून घे."

अर्थिंग हा त्याचा दुसरा मंत्र. मला पित्त झालं, अर्थिंग कच्चं. मॅनेजर चिडला, अर्थिंग सुटलं. आमच्या घरी तो एकदा सहज म्हणून आला आणि ओट्याखाली एलईडीची पट्टी लावून गेला. तेव्हापासून बायको मला ऐकवते, "एवढी वर्षं झाली लग्नाला, पण मला अंधार कुठे पडतो ते त्या हरेश्वरभाऊंना कळलं."

या झगमगाटात एकच दिवा वेगळा होता. ट्रकच्या डाव्या अंगाला, वरच्या लोखंडी फळीवर, पितळी कडीचा, जाड पिवळ्या काचेचा, जुना. आत साधा बल्ब. बाकीचे दिवे हिऱ्यासारखे आणि हा आपला मिणमिणता. मला तो खुपायचा. नव्या पैठणीवर हळदीचा डाग पडावा तसा.

मागे एकदा खोकी कमी भरल्याची तक्रार आली, म्हणून मी हरेश्वरबरोबर गोदामावर गेलेलो. परतताना दिवेलागणीला कशेळीच्या खाडीपुलावर आलो. हरेश्वरने ट्रक हळू केला आणि ते बेलचं बटण दोन-तीनदा दाबलं. आरशात पिवळा उजेड लुकलुकला.

"हा काय बोलतो?" मी थट्टेने विचारलं.

"तो म्हातारा हाय, सायेब. हळू बोलतो. आपल्याला नाय ऐकू येत."

मी हसलो आणि पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घातलं. त्या वेळी डावीकडे खाली खाडीकडे बघितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

यंदा खंडेनवमीला आम्ही कारखान्यातली सगळी यंत्रं पुसली, गाड्या धुतल्या, झेंडूच्या माळा घातल्या. हरेश्वर ट्रक आवारात ठेवून घरी गेला होता. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी. माझ्या मनात आलं, या माणसाने आपलं स्वयंपाकघर उजळलं, आपण त्याला काय दिलं? मी बाजारात जाऊन एक उत्तम एलईडी दिवा आणला. बेत असा, की जुना काढून ठेवायचा आणि नवा त्याच्या हातात द्यायचा, म्हणजे तो आपल्या हाताने बसवेल. स्टुलावर चढलो. स्क्रू गंजलेले होते, ते कसेबसे काढले. वायर काही सुटेना, म्हणून पकडीने कापली. पिवळा दिवा भंगाराच्या पिंपात टाकला आणि हात झटकले. फार समाधान वाटलं, हेही कबूल करतो.

दसरा झाल्यावर हरेश्वर आला. सोनं म्हणून आपट्याची पानं देत सगळ्यांच्या पाया पडला, गळाभेटी घेतल्या. मग ट्रकला फेरी मारली आणि डाव्या अंगाला येऊन थांबला. मी खिशात नवा दिवा घेऊन मागेच उभा होतो. त्याने कापलेल्या वायरीच्या टोकाला बोट लावलं. मग माझ्याकडे वळला. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर मी अंधार पाहिला नव्हता.

"सायेब, दिवा गेला."

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण बाहेर आलं ते भलतंच. "काय सांगावं, हरेश्वरभाऊ. चोऱ्या फार वाढल्यात हल्ली."

तो निघून गेल्यावर मी धावत जाऊन पिंपातून पिवळा दिवा काढला, रुमालाने पुसला आणि टेबलाच्या खणात ठेवला. शेजारी नव्याचं खोकं. रोज खण उघडायचो, दोघांकडे बघायचो, बंद करायचो. बाहेर वॉचमन शिंदे आपल्या राज्यात चोरी झाली म्हणून दुपारची डुलकी सोडून ट्रककडे टक लावून बसू लागला. हरेश्वरने दुसऱ्या एका एलईडीवर पिवळा जिलेटिन कागद गुंडाळून बसवून पाहिला. रोज सकाळी यायचा, तो काढायचा, दुसरा लावायचा. अर्थिंगबद्दल अवाक्षर नाही. मी पित्ताची गोळी त्याच्यासमोर घेतली, तरी नाही.

तीन-चार दिवस असे गेले. मग एका सकाळी शिंदे एका म्हाताऱ्याला घेऊन आला. कमरेला कोळी रुमाल, वर शर्ट, हातात ठिबकणारी पिशवी. नाकडोळे थेट हरेश्वरचे, फक्त सुकवलेले.

"तो दिव्याचा ट्रक कनचा?" म्हाताऱ्याने विचारलं. तो ट्रक डोळ्यांसमोरच उभा होता आणि हरेश्वर डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला होता. आवाज ऐकून त्याचं डोकं खाडकन वर आपटलं.

"मी काशिनाथ, याचा थोरला भाऊस," म्हातारा मला म्हणाला. "सायेब, त्याला इचारा, दिवा का नाय लावला?"

"सायेब, त्याला सांगा, चोरीला गेला," हरेश्वर आतूनच म्हणाला.

"त्याला सांगा, बापाच्या होडीवरचा दिवा होता तो. होडी इकली, दिवा तरी सांभाळायचा."

"त्याला सांगा, नसती इकली तर खाडीत काय धरला असता? प्लास्टिकच्या पिशव्या?"

दोघांमध्ये चार हातांचं अंतर, आणि मी मधली वायर. होडी विकल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. बोलणं होतं ते एवढंच. रोज दिवेलागणीला पुलावरून पिवळा दिवा लुकलुकायचा आणि खाली जेट्टीवरून काशिनाथ बॅटरी हलवायचा. मग दोघं आपापल्या घरी जेवायला बसायचे.

"रोज उभा ऱ्हायलो, सायेब," काशिनाथ म्हणाला. आता त्याचा आवाज खाली आला होता. "पुलावर ट्रकच ट्रक. सगले पांढरे. एक पिवला आयला तो पन भलताच, डोल्यात घुसनारा. त्यातला माझा कनचा, कसा वलखू? मना वाटला..." त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "त्याला इचारा, जेवतो का नीट. वाललाय पार."

हरेश्वर वाळलेला दिसायला सख्ख्या भावाचेच डोळे हवेत.  तो आता ट्रकमधून खाली उतरला होता आणि मनगटावरचा टेप उगाचच उलगडत होता. काशिनाथने पिशवी माझ्याकडे पुढे केली. "निवट्या हायेत, खाडीची ताजी मासली. त्याला द्या."

मी पिशवी घेतली नाही. माझ्या केबिनमध्ये गेलो, खण उघडला आणि पिवळा दिवा आणून ट्रकच्या पायरीवर ठेवला.

 हरेश्वरने दिवा उचलला, काच फुटली नाही ना ते पाहिलं, लोंबणारं वायरीचं टोक बोटात धरलं आणि निरखलं.

"पक्कड बोथट होती," तो म्हणाला.

मी मान हलवली.

त्याने खिशातून पॉलिश पेपरचा तुकडा काढून माझ्या हातात दिला आणि फळीवरची जागा दाखवली. "घासा. रंग जाऊन लोखंड दिसलं पाहिजे. नायतर अर्थिंग नाय बसत." मग भावाकडे न बघता, पण पहिल्यांदाच थेट त्याला म्हणाला, "दादूस, स्टूल धर. सायेबांना सवय नाय."

काशिनाथने पिशवी शिंदेच्या हातात दिली आणि स्टूल धरलं. मी वर चढून घासू लागलो. रंगाची भुकटी डोळ्यांत जात होती, ते बरंच झालं, डोळ्यांतल्या पाण्याला निमित्त मिळालं. खाली दोघं भाऊ माना वर करून बघत होते. लोखंड चकाकू लागलं तेव्हा मी हात थांबवला.

"हरेश्वरभाऊ, काशिनाथदादा, दिवा मीच काढला. आणि चोरीचं खोटंही मीच बोललो. शिंदे, तुम्हीही ऐका. माझं चुकलं. मला माफ करा."