केळशीकर काकांनी लावलेली तारीख

केळशीकर काकांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या क्लासच्या दारात एका पायावर उभे होते. उजवा पाय उंबरठ्यावर अधांतरी, एक हात चौकटीला आणि नजर मनगटावरच्या घड्याळाकडे. मला वाटलं, पायात गोळा आला असेल. मी धावलो. "हात लावू नका," ते म्हणाले, "अजून चार मिनिटं आहेत." आणि खरोखरच चार मिनिटं, वर्गातली सगळी मुलं टायपिंग सोडून बघत असताना, हा साठीचा गृहस्थ बगळ्यासारखा उभा राहिला. मग पाय आत टेकवून म्हणाला, "हं. आता घटका बरी आहे. कॉम्प्युटर शिकायला किती दिवस लागतात?"

पनवेलला एस. टी. स्टँडजवळ माझा तीन मशीनचा क्लास होता. मी सव्वीस वर्षांचा, लोक सर म्हणायचे, त्यामुळे आपल्याला जगातलं सगळं कळतं अशी माझी समजूत होती. ती काकांनी हप्त्याहप्त्याने मोडीत काढली.

काका पोस्टातून निवृत्त झालेले. बायको फार वर्षांपूर्वी वारली होती. खांदा कॉलनीत तळमजल्यावरच्या घरात एकटे राहायचे आणि पुढच्या खोलीत वधूवर सूचक मंडळ चालवायचे, सर्व जातींसाठी. भिंतीला पंचांग टांगलेलं असे आणि त्याला विचारल्याशिवाय त्या घरात काही हलत नसे. गॅसचा सिलिंडर आणणाऱ्या माणसाला त्यांनी एकदा जिन्याखाली वीस मिनिटं बसवून ठेवलं होतं. दाढ काढायचीसुद्धा वेळ काढली. ऐन वेळी डॉक्टरांच्या खुर्चीत दुसराच पेशंट निघाला, तेव्हा काका सुजलेला गाल घेऊन तसेच परत आले आणि पुढची घटका मिळेपर्यंत दोन दिवस पेज पीत राहिले. "दुखतंय ते दुखू दे," मला म्हणाले, "पण भलत्या वेळी उपटली तर शेजारची हलते."

 

विद्यार्थी मात्र पहिल्या नंबरचा. पहिल्याच दिवशी मी मशीनला तारीख कशी विचारायची आणि कशी बदलायची ते शिकवलं, तर काका हरखूनच गेले. "म्हणजे हा स्वतःचं पंचांग ठेवतो! शहाणा आहे." महिन्याभरात त्यांनी घरी मशीन घेतलं. दादरच्या एका माणसाने लिहिलेला लग्न जुळवायचा प्रोग्राम मीच आणून दिला. त्यात नाव, पत्ता, शिक्षण, पत्रिका सगळं भरायचं, की तो गुण जुळवून यादी काढून देई. काकांनी एका बोटाने टायपिंग करत तीन वर्षांत मंडळाचे सगळे फॉर्म त्यात भरले. आणि मग मी, अक्कल पाजळत, म्हणालो, "काका, आता हे कागद कशाला सांभाळता? वाळवी लागेल." काकांनी चांगला दिवस बघून सगळे फॉर्म रद्दीत दिले.



त्या वर्षी मंडळाचा मेळावा ठरला होता. रविवारी हॉल घेतलेला, आदल्या आठवड्यात नवा प्रिंटर आलेला, आणि तो प्रिंटर काकांच्या मशीनवरच्या जुन्या डॉस सिस्टीमला ओळख देईना. मी म्हटलं, नवी सिस्टीम घालू, तासाभराचं काम. बुधवारी सगळं सामान घेऊन गेलो, तर काका पंचांगात डोकं घालून बसलेले. "या आठवड्यात एक धड मुहूर्त नाही. सोमवारी आहे."

"मेळावा रविवारी आहे, काका!"

"मग काय करू? तिथी मी छापतो का?"

मी वैतागलो. म्हणालो, "अहो, त्या मशीनला काय कळतंय? त्याला सांगा आज चांगला दिवस आहे, तो ऐकेल तुमचं." आणि चहा ठेवायला आत गेलो. परत आलो तर काका खुर्चीवरून उठून उभे. "घाल आता," म्हणाले. इतक्या सहज? मी चाट पडलो, पण म्हटलं, देव पावला. नवी सिस्टीम घातली, प्रिंटरवर चाचणीचा कागद सुरेख निघाला, घरी आलो.

गुरुवारी सकाळी निरोप. प्रोग्राम उघडत नाही.

गेलो. खरंच उघडत नव्हता. पडद्यावर एक एरर क्रमांक यायचा आणि काळोख. मी प्रोग्राम काढून परत घातला. तोच क्रमांक. मेमरीच्या फायली बदलल्या, तरी तोच. दादरला फोन केला, तर तो लेखक महाशय म्हणाला, नव्या सिस्टीमची मला माहिती नाही, सहा महिने थांबा. म्हणून मशीन निव्वळ जुन्या डॉसमध्ये सुरू केलं, जिथे हाच प्रोग्राम मंगळवारपर्यंत गुण्यागोविंदाने नांदत होता. तिथेही तोच क्रमांक! आता मात्र मी हबकलो. जुन्या घरातही पाऊल टाकत नाही म्हणजे आतली माहितीच गेली असणार.

"काका, फ्लॉपीवर एक प्रत ठेवायला सांगितली होती मी."

"आहे ना. देव्हाऱ्यात."

फ्लॉपी आणली. मी तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं. आतल्या काळ्या तबकडीवर हळद, कुंकू आणि एक अक्षत चिकटलेली. "दसऱ्याला पूजा केली," काका म्हणाले, "वरून काय वाहायचं? देव आत असतो."

शुक्रवारी दुपारी मी पुन्हा तिथेच, डोकं धरून. तेवढ्यात पळस्प्याचे बाळाराम म्हात्रे आले. त्यांच्या मुलीसाठी, संगीतासाठी, काकांनी द्रोणागिरीकडचा एक मुलगा काढला होता, जहाजावर नोकरी करणारा. तो सोमवारी सात-आठ महिन्यांसाठी समुद्रावर जाणार होता. पत्रिका जुळल्याशिवाय नाव-नंबर द्यायचा नाही हा काकांचा नियम. पत्रिका मंगळवारी जुळली होती आणि आज नंबर मिळणार होता.

"काका, पोरगी दोन येळा नकार खाऊन बसलीय," म्हात्रे दारातच म्हणाले. "आता ह्यो पोरगा गेला तं तिची आय हाय खाईल. नंबर तेवडा द्या, बाकी मी बगतो."

काका माझ्याकडे बघेनात. म्हणाले, "यंत्रात अडकलाय."

"यंत्रात हाय ना? मंग काडा ना भायेर!"

"तुम्हाला आठवत नाही का काका?" मी विचारलं. "निदान नाव?"

"आठवतं की. रोहिणी नक्षत्र, तिसरा चरण, मंगळ नाही."

"नाव, काका, नाव!"

"नाव नाही आठवत."

म्हात्र्यांनी कपाळावर हात मारला आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. "नाय मिलाला तं मी इथून उठत नाय," एवढंच म्हणाले.

मी उगाच काहीतरी करायचं म्हणून एक चार ओळींची फाइल लिहून ठेवली, मशीन ती नीट साठवतं का बघायला, आणि फायलींची यादी काढली. फाइल होती. पण तिच्यापुढे तारीख होती सात वर्षांपूर्वीची, सप्टेंबरातली. सात वर्षांपूर्वी हे मशीन जन्माला आलेलं नव्हतं.  मग एकदम उजेड पडला. तारीख मागे नेऊन त्या प्रोग्रामला कुणी फसवू नये म्हणून लिहिणाऱ्याने एक कुलूप घातलं होतं. शेवटची नोंद या मंगळवारची आणि आज तारीख सात वर्षं मागची, म्हणजे कुणीतरी लबाडी करतंय असं समजून त्याने दार लावून घेतलं होतं. सिस्टीमचा बिचारीचा काही संबंध नव्हता.

"काका, ही तारीख कुणी लावली?"

"मी. तू चहाला गेलास तेव्हा. तूच म्हणालास, मशीनला सांगा."

मला हसावं की रडावं कळेना. "अहो, पण लावायचा तर चांगला मुहूर्त लावायचा. हा कुठला एवढा मोठा मुहूर्त?"

काका पुटपुटले. मी पुन्हा विचारलं.

"सर्वपित्री अमावास्या."

 हा माणूस अमावास्येला नखं कापत नसे, पत्र टाकत नसे. याने आपल्या मंडळाचं सगळं भवितव्य सर्वपित्री अमावास्येवर नेऊन ठेवलं?

"वैदेहीनं त्या दिवशी लग्न केलं," काका म्हणाले. "माझी मुलगी. रजिस्टर लग्न. त्या मुलाची जन्मवेळ त्याच्या आईलाही ठाऊक नव्हती, पत्रिका कुठली जुळवणार? मी सांगितलं, असल्या दिवशी मी घराबाहेर पाऊल टाकणार नाही. नाही टाकलं. या इथेच बसून होतो."

त्यांना मुलगी आहे हेच मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मी त्या घरात चहा पीत होतो.

"मी मुहूर्त काढून लावलेली लग्नं किती मोडली, ते मी कुणाला सांगत नाही. बुधवारी तीनदा पंचांग चाळलं. मग म्हटलं, ज्या दिवशी सुरू झालेलं काही टिकलं, असा मला एकच दिवस माहीत आहे."

"टिकलंय हे कशावरून?"

त्यांनी पंचांगाच्या मागे खोचलेलं पोस्टकार्ड काढलं. दोन वर्षांपूर्वीचं, नाशिकचं. त्यावर एकच ओळ होती, घरी फोन घेतला, नंबर असा असा. खाली पूर्ण नावाने वैदेहीची सही. "आडनाव अजून नवऱ्याचंच आहे," काका म्हणाले. "म्हणजे टिकलंय."

"काल का नाही सांगितलंत? दोन दिवस मी डोकं फोडतोय!"

"लाज वाटली रे. एवढा पंचांगवाला मी."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. काकांनी स्वतःच खुर्चीत बसून, एका बोटाने, आजची तारीख घातली. प्रोग्राम उघडला. सगळी नावं जागच्या जागी. म्हात्र्यांना नंबर लिहून दिला, तेव्हा त्यांनी कागद दोनदा वाचला, काकांच्या पाया पडले आणि स्कूटरला किक मारून गेले. मी प्रिंटर सुरू केला. याद्या निघू लागल्या.

काका पोस्टकार्ड हातात घेऊन उभेच होते. "रविवारच्या मेळाव्याचं बोलावणं आता टपालाने पोचणार नाही, नाही का?"

"नाही. फोन करा."

"फोनवर काय बोलू?"

मला काय माहीत? माझं तोवर लग्नही झालं नव्हतं. मी त्यांच्या हातातून कार्ड घेतलं, नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून एक बारीक, खणखणीत आवाज माझ्यापर्यंत ऐकू आला. "कोण पाहिजे?"

काकांनी झटकन रिसीव्हरवर तळहात दाबला.  "अरे, पोरगी आहे," ते कुजबुजले. "हिला पोरगी आहे! केवढी असेल रे? पाच? सहा? एवढं स्पष्ट बोलते!"

"काका, हात काढा. बोला."

हात निघाला. शब्द मात्र निघेना. पलीकडे ती कुणाला तरी हाक मारत होती, "आई, फोनवर कुणीतरी आहे, पण बोलतच नाही. ठेवू का?"

"ठेवू नकोस!" काका ओरडले. "ठेवू नकोस गं बाळ, बोलतोय मी."